कर्करोग आणि गोठणारे रक्त

(यवतमाळ जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्करोगाविषयी आपल्या जिल्ह्यात बोलले जात नाही, असे नाही. खर्रा खाऊ नये, तोंडातील न भरणारा चट्टा लपवू नये, स्तनातील गाठ अंगावर काढू नये, हे आपण सभांतून ऐकत आलो आहोत आणि शाळांच्या भिंतींवर वाचत आलो आहोत. ते सांगणे आवश्यकच आहे. परंतु कर्करोग झाल्यानंतर, उपचार चालू असताना, रुग्णावर जे एक संकट चोरपावलांनी येते त्याविषयी फारसे बोलले जात नाही. ते संकट म्हणजे रुग्णाचे रक्त त्याच्या शिरांमध्येच गोठणे होय. आज त्याच विषयावर मी आपला काही वेळ घेणार आहे.

गावात काय घडते ते पाहा. उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाचा एक पाय सुजतो, पोटरी दुखते, पाय जड व गरम लागतो. घरातील मंडळी समजतात की अशक्तपणाने सूज आली असावी. कोणी तेल लावून पाय रगडतो, कोणी गरम विटेचा शेक देतो. विदर्भाला हत्तीपाय रोगाची जुनी ओळख असल्याने कोणी त्याचेही नाव घेतो. काही दिवसांनी रुग्णाला एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, आणि दवाखाना गाठण्यापूर्वीच सारे संपते. रोगच वाईट होता, असे म्हणून घर आपली समजूत घालते. रोग वाईट होता हे खरेच. परंतु त्या दिवशी मृत्यू ज्या कारणाने आला, ते कारण पुष्कळदा टाळता येण्यासारखे असते.

माझे शिक्षण कला शाखेत झाले आहे. वैद्यकाचा अधिकार मी सांगत नाही. शास्त्रज्ञांनी जे सिद्ध केले आहे ते सर्वांना समजेल अशा भाषेत मांडणे, एवढेच माझ्या खात्याचे काम आहे.

रक्त कसे गोठते?

रक्त गोठणे ही मूळात निसर्गाची देणगी आहे. कापणीच्या वेळी हाताला विळा लागला तर रक्त वाहते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. रक्तवाहिनीला छेद जाताच रक्तातील बिंबिका तेथे धावतात. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेट या नावाने त्या आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्या एकमेकींना चिकटून छिद्र बुजवितात. शेताचा धुरा फुटल्यावर प्रथम हाताला येईल ती माती व दगड टाकावेत, तसे हे काम असते. हा बांध कच्चा असतो. त्याला पक्के करण्यासाठी रक्तातील प्रथिनांची एक साखळी कामाला लागते. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि अखेर थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य तयार होते. हे थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनविते. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्याला तंतूचे बळ समजावून सांगावयास नको. या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि घट्ट गुठळी तयार होते. जखम भरत आली की हीच गुठळी विरघळविण्याची व्यवस्थाही शरीरात असते.

या साखळीला पहिला धक्का कोण देतो, हा आपल्या विषयातील कळीचा प्रश्न आहे. तो धक्का देणाऱ्या प्रथिनाला टिश्यू फॅक्टर म्हणतात. आपण त्याला ऊतक-घटक म्हणू. हा घटक सामान्यतः रक्तवाहिनीच्या बाहेरील पेशींवर असतो, त्यामुळे एरवी रक्ताचा व त्याचा संपर्क येत नाही. वाहिनी फुटली, रक्त बाहेर आले, की त्याला या घटकाचा स्पर्श होतो आणि साखळी सुरू होते. जणू निसर्गाने धोक्याची घंटा भिंतीच्या बाहेर टांगून ठेवली आहे. ती वाजली की भिंत फुटली असे शरीर समजते. कर्करोगात ही घंटा भिंत फुटलेली नसतानाही वाजू लागते.

पॅरिसच्या रुग्णालयातील निरीक्षण

कर्करोग व गुठळी यांचा संबंध वैद्यकाच्या ध्यानात आला त्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. पॅरिसमधील ओतेल-दिय या जुन्या रुग्णालयात आर्मां त्रूसो हे नामांकित वैद्य विद्यार्थ्यांना शिकवीत असत. १८६५ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की, एखाद्याच्या हातापायाच्या शिरा उघड कारण नसताना गोठत असतील, तर शरीरात कोठेतरी कर्करोग दडलेला असण्याची शंका घ्यावी. पुढे १८६७ च्या आरंभी त्यांच्या स्वतःच्याच शरीरात तशी सूज दिसली. तिचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास कळणार? आपली आशा उरली नाही, असे त्यांनी आपल्या शिष्याला सांगितले. त्याच वर्षी जून महिन्यात जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कर्करोगामुळे रक्त गोठण्याच्या या प्रकाराला वैद्यकात आजही त्यांचेच नाव आहे.

त्याच काळातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाशी गुठळीची तीन कारणे जोडली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गुणधर्म बदलणे. कर्करोगात ही तिन्ही कारणे एकाच देहात एकत्र येतात. रुग्ण अंथरुणाला खिळतो किंवा गाठीचा दाब शिरेवर पडतो, म्हणून प्रवाह मंदावतो. शस्त्रक्रिया, शिरेत ठेवलेली नळी व काही औषधे यांमुळे भिंतीला इजा पोचते. तिसरे कारण, म्हणजे रक्ताचा बदललेला गुणधर्म, ही मात्र कर्कपेशींची स्वतःची करणी असते.

कर्कपेशी काय करतात?

पहिली गोष्ट अशी की, अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर ऊतक-घटक प्रमाणाबाहेर असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे विशेष आढळते. या पेशी त्या घटकाने माखलेल्या अतिसूक्ष्म पुटिका रक्तात सोडीत राहतात. पुटिका प्रवाहाबरोबर दूरवर जातात. म्हणूनच रोग पोटात असतो आणि गुठळी पोटरीत होते. सूज पायाला आहे, तिचा पोटातील रोगाशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

दुसरी गोष्ट, कर्कपेशी दाह निर्माण करणारे रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांमुळे रक्तवाहिनीचे एरवी गुळगुळीत असणारे अस्तर चिकट बनते आणि काही पांढऱ्या पेशीही ऊतक-घटक धारण करू लागतात. पांढऱ्या पेशींचा एक प्रकार तर जंतूंना पकडण्यासाठी आपल्याच केंद्रकातील धाग्यांचे जाळे बाहेर फेकतो. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगात जंतू नसतानाही अशी जाळी फेकली जातात व त्यांत बिंबिका अडकून गुठळीचा पाया पडतो.

तिसरी गोष्ट, काही कर्कपेशी बिंबिकांना थेट चेतवितात. मेंदूच्या काही गाठींमध्ये हे दिसून येते. चौथी गोष्ट, गुठळी विरघळविण्याच्या शरीराच्या व्यवस्थेलाच काही गाठी अडसर घालतात. अशा रीतीने गुठळी होण्याचा वेग वाढतो आणि ती विरघळण्याचा वेग घटतो.

यातून कर्कपेशींना काय मिळते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. गाठीतून सुटून रक्तात आलेली कर्कपेशी एकटी असते. शरीराच्या संरक्षक पेशी तिला ओळखून ठार करू शकतात. परंतु तिच्याभोवती बिंबिकांचे व तंतूंचे आवरण जमले की ती आपल्याच माणसांची घोंगडी पांघरून हिंडणाऱ्या चोरासारखी सुरक्षित होते. त्या आवरणाच्या साहाय्याने ती दुसऱ्या अवयवाच्या वाहिनीला चिकटते आणि तेथे बस्तान बसविते. शिवाय बिंबिकांमधून बाहेर पडणारी वाढीची द्रव्ये गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली, ती याच अर्थाने. जखम भरून काढण्याची जी साधने शरीराने स्वतःसाठी राखली आहेत, तीच कर्करोग आपल्या वाढीसाठी वापरून घेतो.

धोका कोणाला अधिक?

पायाच्या खोल शिरेतील गुठळी तेथेच राहिली तर सूज व वेदना देते. ती सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाते व तेथील वाहिनी बंद करते. एकाएकी लागणारी धाप ती हीच. सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत कर्करुग्णाला अशा गुठळीचा धोका चार ते सात पट असतो, असे अभ्यासांतून दिसते. शिरांत गुठळी झालेल्या पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला कर्करोग असतो.

सर्व कर्करोगांत हा धोका सारखा नसतो. स्वादुपिंड व जठर यांच्या कर्करोगांत तो सर्वाधिक असतो. फुप्फुस, अंडाशय, मेंदू व रक्तग्रंथींच्या कर्करोगांतही तो बराच असतो. आपल्याकडे खर्ऱ्यामुळे परिचित झालेल्या तोंडाच्या कर्करोगात व स्तनाच्या कर्करोगात तो तुलनेने कमी असतो. मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे. रुग्णांची संख्या मोठी असली म्हणजे कमी धोक्यातूनही पुष्कळांना गुठळी होते. मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळचे अंथरूण यांमुळे तो धोका वाढतोही. रोगाचे निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने विशेष जपण्याचे असतात.

केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी कोणाला अधिक जपावे हे ठरविण्यासाठी भारतीय वंशाचे डॉ. आलोक खोराना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक सोपी गुणपद्धती मांडली. कर्करोगाचे स्थान, रक्तातील बिंबिका, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन आणि उंचीच्या मानाने वजन, एवढ्या पाच गोष्टींवरून ती धोक्याचा अंदाज देते. यांतील तीन गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत मिळतात.

औषधे आणि त्यांची शिस्त

रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या औषधांचा इतिहास शेतकऱ्याला जवळचा वाटेल असा आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे बुरशी लागलेला, सडलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे केले. त्यातूनच पुढे वॉरफरिन हे औषध आले. प्रथम ते उंदीर मारण्यासाठी वापरले गेले, नंतर योग्य मात्रेत माणसाला वाचविण्यासाठी. दुसरे औषध हेपॅरिन. त्याचा शोध १९१६ मधील आहे.

कर्करुग्णांत मात्र वॉरफरिनच्या गोळ्या पुरेशा पडत नाहीत असे दिसून आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण अशा गोळ्या घेणाऱ्यांत १७ टक्के, तर हेपॅरिनच्या सुधारित प्रकारची इंजेक्शने घेणाऱ्यांत ९ टक्के आढळले. अलीकडच्या काळात नव्या प्रकारच्या गोळ्याही उपलब्ध झाल्या आहेत. परंतु जठर व आतड्यांच्या काही कर्करोगांत त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. यास्तव कोणाला काय द्यावे हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते. शेजाऱ्याला लागू पडलेली रक्त पातळ करण्याची गोळी आपल्या रुग्णाला देणे धोक्याचे आहे. पाय उतरला म्हणून इंजेक्शन मध्येच बंद करणेही तितकेच धोक्याचे. हे उपचार सामान्यतः निदान तीन ते सहा महिने, आणि रोग सक्रिय असेल तर त्याहून अधिक काळ चालतात.

गावाने काय करावे?

आपल्या जिल्ह्यातील रुग्णाची स्थिती आपण जाणता. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते श्री वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. तरीही कर्करोगाच्या उपचारासाठी अनेकांना नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबई गाठावी लागते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेड व महागावकडील रुग्णाला तर त्याहून बरेच अधिक. बसच्या आसनावर पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणे, केमोथेरपीने उलट्या होऊन अंगातील पाणी कमी होणे आणि वर आपल्याकडचा उन्हाळा, या साऱ्या गोष्टी गुठळीला पोषक आहेत. म्हणून प्रवासात मधूनमधून पावले हलवावीत, थांब्यावर उतरून चार पावले चालावे आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी पुरेसे प्यावे.

शस्त्रक्रियेनंतर घरची माणसे मायेपोटी रुग्णाला खाटेवरून उठू देत नाहीत. माया योग्य, रीत अयोग्य. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले असेल तर आधार देऊन अंगणात चालवावे, तेच त्याच्या हिताचे आहे.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. दोन्ही पायांची सूज पुष्कळदा रक्तक्षय, मूत्रपिंड किंवा हृदय यांच्या विकाराची असते. हत्तीपायाची सूज महिन्यामहिन्यांनी व वर्षावर्षांनी वाढते. गुठळीची सूज बहुधा एकाच पायाला किंवा एकाच हाताला, काही तासांत वा दिवसांत येते. तो भाग दुखतो, गरम लागतो, कधी लालसर किंवा निळसर दिसतो. कर्करुग्णात असे दिसले तर पाय चोळू नये, रगडू नये. चोळल्याने गुठळी सुटण्याचे भय असते. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. सोनोग्राफीच्या डॉप्लर तपासणीने शिरेतील गुठळी सुईसुद्धा न टोचता कळते. एकाएकी धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा घेरी आली, तर वाटच पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की, रुग्णाला कर्करोग आहे, अमुक औषध चालू आहे व अमुक दिवशी शस्त्रक्रिया झाली. धावपळीत हेच सांगावयाचे राहून जाते. त्यासाठी रुग्णाचे कागद एका पिशवीत, घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत.

खर्चाच्या भीतीने विलंब होऊ नये म्हणून योजनांची माहिती द्यावी. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. कर्करोगावरील अनेक उपचार तिच्यात समाविष्ट आहेत.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत आशाताईंना बोलावून गावात कर्करोगाचे उपचार घेणारे किती जण आहेत, याची विचारपूस करावी. अर्थात रुग्णाच्या संमतीने व त्याची चर्चा चावडीवर होणार नाही या बेताने. महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन आशाताईंनी एवढेच विचारावे : पाय सुजला आहे काय, धाप लागते काय, इंजेक्शन चालू आहे काय? शिक्षकांनी रक्ताभिसरणाचा पाठ शिकविताना गुठळीचा हा धडा जोडून द्यावा. शाळेतले मूल घरी जाऊन आजीचा पाय रगडणाऱ्या हाताला थांबवू शकते.

आणि मूळ कारणाचा विसर पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले की, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. आपल्याकडील खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू व चुना तिन्ही एकत्र घोटलेले असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पानठेल्यावरच्या खर्ऱ्याची सवय मोडणे हे मात्र गावाच्याच हाती आहे.

मित्रहो, कर्करोगावर सर्वत्र मोठे संशोधन चालू आहे आणि त्यातील पुष्कळसे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु सुजलेला एक पाय ओळखणे, तो न चोळणे आणि त्याच दिवशी रुग्णाला दवाखान्यात पोचविणे, हे ज्ञान प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहे. कर्करोगाशी झगडणाऱ्या माणसाला त्याची झुंज पुरी करू द्यावयाची असेल, तर वाटेत दबा धरून बसलेल्या या गुठळीपासून त्याला वाचविणे हे आपले कर्तव्य ठरते. ते आपण पार पाडाल असा विश्वास व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.